पेशंटला काही सांगू नका

“सफायींचे नातेवाईक!” अशी हाक आली आणि ऐनुल्ला सफायी उठून उभा राहिला. त्या खोलीत दुसरा कोणी सफायी नव्हता, आणि हाक मारणाऱ्या बाईंचा आवाज असा होता की बसून राहायला बरीच हिंमत लागली असती. उभा राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की हाक आपल्याला नव्हती. तो सफायींचा नातेवाईक नव्हता, तो खुद्द सफायी होता. तसं सांगायला त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण बाईंनी आतलं दार उघडून धरलं होतं, आतल्या शेगडीची ऊब बाहेर येऊन वाया चालली होती, आणि बाकावरचे सगळेजण, हा आत जातो कधी आणि आपला नंबर लागतो कधी, अशा नजरेने त्याच्याकडे बघत होते. तेही सगळे कोणाचे ना कोणाचे नातेवाईकच होते. अर्दबीलमध्ये तपासणीचा लिफाफा घेऊन सर्जनकडे पेशंट स्वतः येत नाही. पेशंट घरी असतो, गुडघ्यांवर रजई घेऊन, आणि नातेवाईक काय ठरवून येतात याची वाट बघतो. ऐनुल्ला आला तो निव्वळ अपघाताने. लॅबोरेटरीचा फोन आला तेव्हा बायको शेजारच्या गल्लीत कोणाच्या तरी मयताच्या तिसऱ्या दिवसाला गेली होती, आणि फोनवरचा माणूस म्हणाला, लिफाफा तयार आहे, मुगानी डॉक्टरांकडे पोचवा. पोचवा म्हटल्यावर त्याने पोचवला. सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला बंद लिफाफे इकडून तिकडे पोचवायची सवय असते, उघडायची नसते. त्यात सबलान डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याने त्याचे गाल लालबुंद केले होते, आणि त्या बाकावर तोच सगळ्यांत धडधाकट दिसत होता. तेव्हा चूक एकट्या बाईंची होती असंही म्हणता येणार नाही.

“बसा आगा, बसा. चहा घ्याल ना?” डॉक्टर मुगानी म्हणाले, आणि आजारी नसण्याचे फायदे किती आहेत हे ऐनुल्लाला पहिल्यांदाच जाणवलं. गेल्या काही महिन्यांत त्याला तीन डॉक्टरांनी पाहिलं होतं. त्यांनी त्याला उताणा निजवला, कुशीवर वळवला, एकाने तर घशातून नळी खाली सोडली, पण खुर्ची कोणी दिली नव्हती. चहा तर लांबच. त्याने काही विचारलं की ते त्याच्या खांद्यावर थोपटायचे आणि त्याच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या तूरानकडे, म्हणजे बायकोकडे, पाहायचे. दुकानदार लहान मुलाच्या डोक्यावरून त्याच्या आईकडे बघतो तसे. बारीकशी जखम आहे, देवाच्या कृपेने बरी होईल. जखम कशाने झाली? देवाच्या कृपेने. कुठल्या अंगाला आहे, वर की खाली? देवाच्या कृपेने. आणि इथे गादीची खुर्ची होती, कमरेत निमुळता काचेचा पेला होता, बशीत साखरेचे खडे होते, आणि टेबलापलीकडे एक माणूस होता जो सरळ त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होता.

“आपण पेशंटचे कोण?”

खरं सांगायची ही शेवटची संधी होती, आणि ऐनुल्ला खरं बोलणारा माणूस होता. पण त्याच्या आत कुठेतरी एक जुनी खाज उठली. लहानपणी बंद समोवराच्या झाकणाखाली काय चाललंय ते बघायला गेला होता आणि हनुवटी भाजून घेतली होती, तीच ही खाज. टेबलावरचा लिफाफा आता उघडा होता. आतला कागद डॉक्टरांच्या हातात होता. मी पेशंट आहे म्हटलं की तो कागद उलटा होणार आणि खांद्यावर थोपटणं सुरू होणार, हे त्याला लख्ख दिसलं.

“भाऊ,” तो म्हणाला. त्याला भाऊ नव्हता.

“मग आपल्यापासून लपवण्यात अर्थ नाही. आपल्या जिवापासून दूर राहो, कर्करोग आहे. पोटाचा.”

“आपल्याही जिवापासून दूर राहो,” ऐनुल्ला म्हणाला. असं म्हणायची पद्धत आहे, आणि पद्धती अशा वेळी फार उपयोगी पडतात. दातांत धरलेला साखरेचा खडा विरघळेना. पुढे त्याने या क्षणाचा पुष्कळ विचार केला. भीती वाटली का? नाही, निदान आधी नाही. आधी त्याला त्या सफायीची दया आली. बिचारा, घरी रजई घेऊन बसला असेल. मग खुर्चीच्या हाताचं लाकूड किती गुळगुळीत आहे हे कळलं, किती नातेवाईकांच्या तळव्यांनी ते घासलं गेलं असेल तेही मनात येऊन गेलं, आणि त्यानंतर, खूप उशिरा, नळ सोडल्यावर शेवटच्या घरी पाणी पोचायला वेळ लागतो तसं, पोटात काहीतरी थंड पोचलं. तोवर तो पहिला प्रश्न विचारून बसला होता. “म्हणजे नेमकं काय झालंय?”

डॉक्टरांनी कागद पाठपोट केला आणि पेन्सिलीने एक पखाल काढली. वरून अन्न येतं, खालून जातं. ऐनुल्लाने टेबलावर वाकून पाहिलं आणि म्हणाला, “खालच्या तोंडाला झडप दाखवलीत, वरच्या तोंडाला नाही. पाणी उलटं येईल.” डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपण पाण्याच्या खात्यातले का?” “होतो.” “मग तर सोपं झालं,” डॉक्टर म्हणाले आणि खुश होऊन समजावायला लागले. एक जंतू आहे. आम्लात कोणी जगत नाही, हा जगतो, स्वतःभोवती आम्ल मोडून काढतो आणि पोटाच्या अस्तरात घर करतो. माणूस लहान असतानाच येतो, घरातल्याच कोणाच्या तरी तोंडातून, एका वाडग्यातून, एका चमच्यातून. आपल्याकडे घरोघरी आहे. बहुतेकांच्या पोटात तो जन्मभर गप्प राहतो. काहींच्या अस्तराला मात्र तो वर्षानुवर्षं सुजत ठेवतो, आणि वर आपलं खारवलेलं चीज, धुरावरचं मांस. अस्तर झिजतं. झिजलेलं अस्तर मग एक गंमत करतं, म्हणजे पोट असूनही आतड्यासारखं वागायला लागतं. आपलं काम विसरतं आणि शेजाऱ्याचं करायला जातं. तशा पेशींतल्या एखादीचं डोकं एक दिवस फिरतं. मग ती मरायचंच विसरते. तिच्या दोन, दोनाच्या चार. “आणि आवाज नाही,” डॉक्टर म्हणाले. “दुखत नाही. पेशंट म्हणतो, चार घासांत पोट भरतं, मांसाचा वास नको वाटतो, थकवा येतो. आपण म्हणतो, वय झालं.”

ऐनुल्लाला हे इतकं पटलं की त्याने मान डोलावली. गळती जिथे असते तिथे पाणी कधीच वर येत नाही, हे तो नव्या पोरांना सांगून थकला होता. रस्ता ओला दिसला की पोरं तिथेच खणायची. तो ऐकण्याची लोखंडी कांब घेऊन निघायचा, दोन गल्ल्या मागे जायचा, कांब जमिनीवर टेकवून कान लावायचा. दीड वर्षापासून त्याचा रस्ता ओला होता. तो चिडायला लागला होता, पायऱ्या चढताना थांबत होता, सणाच्या दिवशी त्याने कबाबाचं ताट सरकवलं होतं आणि सगळ्यांना वाटलं होतं की जावयावर रागावलाय. त्यालाही तसंच वाटलं होतं. जावई मुळीच वाईट नव्हता. दीड वर्ष त्याने त्या गरीब माणसाला आपल्या पोटाच्या अस्तरापायी छळलं होतं.

उपाय होता. आधी शिरेतून औषधाच्या काही फेऱ्या, मग शस्त्रक्रिया, आणि सगळं पोट काढून अन्ननलिका खाली आतड्याला जोडायची. वेळेत आलेत, डॉक्टर म्हणाले. अगदी वेळेत नाही, पण आलेत. नवरोजच्या, वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आत सुरुवात व्हायला हवी. त्यानंतर मी काही सांगू शकणार नाही. “तुम्ही घरचे बसून ठरवा आणि त्यांना तयार करा. पण पेशंटला काही सांगू नका. हाय खातात. जखम आहे म्हणा.”

“तो विचारील. चौकस आहे.”

“मग दोन जखमा आहेत म्हणा.”

निघताना दारात दोघांनी आधी तुम्ही, आधी तुम्ही करत थोडा वेळ घालवला. आपली सावली आमच्यावर राहो, डॉक्टर म्हणाले, आणि ऐनुल्ला बाहेर पडला तो एक गुपित घेऊन, जे जगात एकाच माणसापासून लपवायचं होतं, आणि त्या माणसाबरोबर त्याला घरापर्यंत चालत जायचं होतं. बाजारातून जाताना त्याने त्याला बारकाईने पाहिलं. काळ्या हलव्याच्या दुकानाच्या काचेत तो दिसला. टोपी, मफलर, जरा ढगळ झालेला कोट. कोट ढगळ झाला की शिंप्याला दोष देणारा माणूस. याला सांगावं की नाही? सांगितलं तर काय करील? ऐनुल्लाला खरोखरच माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं एकत्र राहून आपल्याला हे माहीत नाही याचं त्याला नवल वाटलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईच्या पोटात थंडी शिरलीय असं त्याला सांगण्यात आलं होतं, आणि आईलाही तेच. ती थंडी काढायला तिच्या पोटावर गरम विटा फडक्यात गुंडाळून ठेवायचे. तो मोठा झाला, इंजिनिअर झाला, लग्न झालं, मुलगी झाली, आणि एकदा भर उन्हाळ्यात एका चेंबरमध्ये उतरला असताना त्याच्या डोक्यात उजेड पडला की थंडीने कोणी मरत नाही. वर येऊन त्याने तोंड धुतलं आणि कामाला लागला. विचारायचं कोणाला? वडील गेले होते. थोरली बहीण गुलअंदाम होती, पण गुलअंदाम बाजीला तो शब्द उच्चारायला सांगणं म्हणजे तिला मशिदीत शिट्टी वाजवायला सांगण्यासारखं. ती त्या रोगाला “तो दुसरा” म्हणायची. “त्यांना तो दुसरा झाला होता,” आणि आपल्याला लागू नये म्हणून लगेच कॉलरला फुंकर.

घरी काहीच बदललं नव्हतं, आणि म्हणून सगळं वेगळं दिसत होतं. तूरान परत आली होती आणि जेवण मांडत होती. दह्यातली आश, म्हणजे दाट सूप, त्यात भरपूर कोथिंबीर, मीठ बेताचं. केव्हापासून मीठ बेताचं? त्याने आठवून पाहिलं. पूर्वी या घरात चीज इतकं खारट असायचं की आधी पाण्यात भिजत घालावं लागायचं. ते चीज कधीपासून दिसलं नाही? चहा ती हल्ली बशीत ओतून निववायची आणि मग पुढे करायची. विचारलं तर म्हणायची, जीभ भाजते तुमची. त्याची जीभ सगळा जन्म भाजत आली होती, तूरानने कधी लक्ष दिलं नव्हतं. आणि बाजी आठवड्यातून दोनदा येऊन इस्पंदच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्याच्या डोक्याभोवती धूर फिरवत होती, नजर काढायला. त्याला वाटलं होतं बायका म्हाताऱ्या होतायत. आता त्याने कांब टेकवली आणि कान लावला. ज्या दिवशी नळी घातली त्या दिवशी तो गुंगीत होता. शुद्धीवर आला तेव्हा तूरानच्या चेहऱ्यावर पाण्याचे थेंब होते आणि ती म्हणाली होती, नळाला जोर फार आहे इथल्या. पाणीपुरवठ्याचा माणूस असल्याने त्याला त्याही अवस्थेत बरं वाटलं होतं. दवाखान्यातल्या नळाला जोर नव्हताच. त्या भागात दुपारी दाब नेहमी कमी असतो. हे त्याला तेव्हा का सुचलं नाही?

म्हणजे नळीत जे दिसलं ते डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तिला माहीत होतं. त्या दिवसापासून. त्याला राग यायला हवा होता, पण आलं ते वेगळंच काहीतरी, कौतुकासारखं. त्याची बायको खोटं बोलू शकते हे त्याला माहीत नव्हतं. साध्या चिठ्ठ्यांच्या खेळात तिचे कान लाल व्हायचे. तीच बाई इतके दिवस रोज त्याच्यासमोर बसून जेवली, हसली, जावयाचं बोलली, दूधवाल्याशी भांडली. त्याला एकदम तिच्याकडे बघावंसं वाटलं आणि त्याने पाहिलं. ती म्हणाली, “काय?” तो म्हणाला, “काही नाही. कोथिंबीर छान आहे.” आणि दोघंही जेवत राहिली, एकाच गुपिताच्या दोन बाजूंना बसून, एकमेकांना ते लागू नये म्हणून जपत.

काही दिवसांनी तो पुन्हा मुगानींकडे गेला. गरज नव्हती. पण त्याला आता चटक लागली होती. एकेक प्रश्न उगवायचा, दाढी करताना, बूट घालताना, आणि त्याचं उत्तर मिळेल अशी जगात एकच खुर्ची होती. बाई म्हणाल्या, “या या, सफायींचे भाऊ ना?” आणि त्याला नंबराशिवाय आत सोडलं.

“कसे आहेत बंधू?” डॉक्टरांनी विचारलं.

“चिडतो जरा. पण हल्ली कमी.”

“खातात?”

“चार घास. वाढणारीचं मन राहावं म्हणून पाचवा.”

“स्वभावाने कसे आहेत? पुढे कठीण आहे, म्हणून विचारतो.”

ऐनुल्ला विचारात पडला. स्वतःबद्दल त्याला असं कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याने काहीतरी बरं उत्तर दिलं असतं. भावाबद्दल खोटं कशाला बोला? “चौकस आहे,” तो म्हणाला. “हुशार आहे असं त्याला वाटतं. सगळं समजून घेतलं की ते आपल्याला काही करणार नाही अशी त्याची समजूत आहे. तसा भित्रा आहे.” हे बोलून त्याने पेला खाली ठेवला. अरे, हे आपल्याला ठाऊक होतं तर.

“संशय आलाय का त्यांना?”

“छे. त्याला कुठलं कळतंय!”

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. मग ऐनुल्लाने विचारलं की पोट नसताना माणूस जगतो कसा, आणि डॉक्टर म्हणाले, अगदी छान जगतो, थोडं थोडं आणि पुष्कळ वेळा खायचं, सुया घ्यायच्या जन्मभर, रक्तासाठी. “भूक मात्र फारशी लागत नाही. भुकेचा सांगावा बराचसा पोटच धाडत असतं. घड्याळ बघून खावं लागतं.” आजवरच्या सगळ्या माहितीत हीच एक गोष्ट त्याच्या पायाखालून जमीन काढून गेली. मरण त्याने ऐकलं होतं, सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण भूक लागणार नाही? हिवाळ्यात कामावरून परतताना गल्लीच्या तोंडाशी तंदूरचा वास यायचा, आणि पोट घराच्या दिशेने माणसाला नुसतं ओढत न्यायचं, गळ्यात दोरी बांधल्यासारखं. ती ओढ नसली तर माणूस घरी कशाच्या जोरावर जाईल?

“आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या,” डॉक्टर म्हणत होते. “जंतू सापडला तर गोळ्यांनी जातो. वहिनी, बहीण, आपण स्वतः. आपण भाऊ, एका वाडग्यात जेवलेले. आपल्याही पोटात असणार.”

“असेल,” ऐनुल्ला म्हणाला. “मला तशी शंका आहेच.”

नवरोज जवळ येत होता. घरोघरी गालिचे धुऊन गच्चीच्या कठड्यांवर टाकलेले, खिडक्यांत गहू उगवायला ठेवलेले. ऐनुल्ला रोज उठून ठरवायचा की आज त्याला सांगू, म्हणजे स्वतःला हो म्हणायला लावू, आणि रोज त्याला आणखी एक शंका उगवायची. शंका असेपर्यंत ठरवायचं नसतं, अशी त्याने सोय करून घेतली होती. समजून घेणं हे काम असं आहे की ते माणूस आरामात मरेपर्यंत करत राहू शकतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं अशातला भाग नाही. एका सकाळी तूरानने चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशीकडेच बघत म्हणाली, “काल मुगानी डॉक्टरांकडे गेले होते.”

“हो का? कशाला?”

“तुमचे भाऊ तिथे दोनदा येऊन गेले म्हणे.”

समोवरातलं पाणी तेवढं बोलत राहिलं. “कुठले भाऊ?” ऐनुल्लाने विचारलं.

“तेच मला विचारायचंय. आगा, तुम्हाला भाऊ कधी झाला?”

“मागच्या महिन्यात,” तो म्हणाला.

“मी म्हटलं, दिसायला कसे आहेत? डॉक्टर म्हणाले, सज्जन गृहस्थ आहेत, पण प्रश्न फार विचारतात. माझ्या चित्रातल्या चुका काढल्या. तेव्हाच मी ओळखलं.” तिने बशी पुढे सरकवली. तिचे कान लाल झाले होते. आता डोळेही झाले. “डॉक्टरांना काही बोलले नाही मी. त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली असती का?”

“बरं केलंस.”

“त्यांनी बजावलंय की पेशंटला सांगायचं नाही.”

“मलाही बजावलंय.”

“मग? सांगितलंत का तुम्ही त्याला?”

“अर्धवट. तू?”

“मी कशी सांगणार? त्याला बघितलं की मी दूधवाल्याचा विषय काढते.” तिने चादरीसारख्या ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, मग त्याच टोकाने टेबलावरचा चहाचा थेंब पुसला. “तयार होईल का तो? औषधाला, कापाकापीला?”

ऐनुल्लाने खिडकीकडे पाहिलं. ताटलीतले गहू बोटभर उगवले होते आणि सगळे उजेडाच्या बाजूला कलले होते. “त्याला एक भीती आहे,” तो म्हणाला. “भूक लागणार नाही म्हणतात.”

“आणि मरणाची?”

“तीही आहे. पण ती सांगायची त्याला लाज वाटते. भुकेचं सांगता येतं.”

तूरानने बशीतला निवलेला चहा पुन्हा पेल्यात ओतला. मग म्हणाली, “त्याला सांगा, मी हाक मारीन. दिवसातून आठ वेळा मारीन. भूक असताना लग्नापासून आजपर्यंत हा माणूस कधी पहिल्या हाकेला ताटावर आला नाही. आश निवून दगड व्हायची आणि हे पाइपचे नकाशे बघत बसायचे. आता तर भुकेचा भरवसाच नाही. आता फक्त माझी हाक. बघते कसा येत नाही ते!”

तो हसला, आणि हसता हसता त्याला कळलं की चेहरा हसत नाहीये. तिने उठून त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, आणि त्याच्या कानाशी तिच्या पोटात काहीतरी गुरगुरलं. नाश्ता व्हायचा होता तिचा. किती चांगलं यंत्र आहे, त्याच्या मनात आलं, आणि किती कमी बोलतं. “होईल,” तो तिच्या ओढणीआडून म्हणाला. “तयार होईल. शनिवारी जाऊ म्हणावं.”

“पण बाजीला कळता कामा नये,” तूरान त्याच्या केसांत बोटं फिरवत म्हणाली.

“रोग कळलाय ना तिला?”

“रोग तिला माझ्याआधी कळला. तुम्हाला कळलंय हे कळता कामा नये. मोडून पडेल ती.”

तूरानने शनिवारचं कळवल्यावर बाजी त्याच दुपारी आली, आधी इस्पंदचं धुपाटणं, मागून तिचा आवाज आणि आवाजामागून ती. “काही एक झालेलं नाही तुला!” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, जरा साफसफाई करायचीय आत. तू उगीच शंका काढू नकोस. लहानपणापासून तुला खोड आहे.”

“बरं, बाजी.”

इतक्या लवकर बरं येईल ही तिची अपेक्षा नव्हती. तिने घरून वाद घालायचं सगळं सामान आणलं होतं, ते आता कुठे ठेवायचं? “बरं काय? शनिवारी जायचं! रडारड नाही, का आणि कसं नाही. ऑपरेशन म्हणजे काय, हल्ली लोक दात काढल्यासारखं करून येतात.” धूर त्याच्या डोक्याभोवती फिरत होता आणि तिचे डोळे वाहत होते. “धुराने,” ती म्हणाली. मग त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पोटावर आपला सुरकुतलेला हात ठेवला, वाकलेल्या बोटांचा. “हे पोट मला विचार, बाला, लेकरा. आई तुझ्या बाळंतपणातून धड उठलीच नाही. तू एवढासा, दूध आटलेलं, तोंडात एक दात नाही. कोणी वाढवलं तुला? मांस असो, अक्रोड असो, प्रत्येक घास मी आधी माझ्या तोंडात चावून चावून लोण्यासारखा करायची आणि तुझ्या तोंडात घालायची. चिमणीसारखा चोच वासायचास. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, गुलअंदाम, तू स्वतः कधी जेवतेस? डॉक्टर काय सांगणार मला या पोटाचं?”

ऐनुल्ला तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आता तिथे कवळी होती. त्याच्या डोक्यात नकाशा आपोआप पसरला: एक बारीक रेघ, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, पन्नास-साठ वर्षांमागची, एका अंधाऱ्या स्वयंपाकघरातली. अर्थात आईचाही वाडगा होता, वडिलांचा चमचा होता, शेजारणीही होत्या, आणि डॉक्टर म्हणालेच होते की कुठून आला हे कोणी सांगू शकत नाही. पण ऐकण्याची कांब टेकवल्यावर कानाला कळतं ते कळतं. इतके दिवस तो ज्या जागेच्या मागावर होता ती जागा आपण होऊन येऊन त्याच्या पोटावर हात ठेवून बसली होती, आणि अभिमानाने बसली होती. किती वर्षांची होती ती तेव्हा? तिचं स्वतःचं पोट भरत होतं का? तुझ्याखेरीज आणखी कोणी भरवायचं का मला, हा प्रश्न त्याच्या जिभेवर आला. सोपा होता, आणि त्याचं उत्तर तिलाच ठाऊक होतं.

“म्हणून तर एवढा टिकलो, बाजी,” तो म्हणाला.

“मग!” बाजी म्हणाली आणि नाक पुसलं.

“एक काम आहे. शनिवारी तूही चल. डॉक्टर म्हणतात, घरच्या सगळ्यांची तपासणी करायची. तूरानची, तुझी. लागल्या तर थोड्या गोळ्या.”

बाजीचा हात थांबला. “माझी? मला काय धाड भरलीय? माझ्या पोटाचा याच्याशी काय संबंध?” ती त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. चौकसपणा त्याने काही बाजारातून आणला नव्हता, तो घरातलाच होता. “काय लपवतोयस? कुठून येतं हे, सांग. माणसाचं माणसाला लागतं का?”

आतल्या खोलीत तूरानच्या हातातली भांडी गप्प झाली. बाजीचं आणि त्याचं एकच जुनं भांडण होतं. ती म्हणायची शहराचं पाणी खराब आहे, आणि तो म्हणायचा की या पाण्याइतकं स्वच्छ पाणी तेहरानलाही मिळत नाही. प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात, पाहुण्यांसमोर त्याने तिला नमुने, तपासण्या, क्लोरीनचे आकडे ऐकवले होते. त्या पाण्यापायी तो दोन मेहुण्यांशी आणि एका नगरसेवकाशी बोलेनासा झाला होता. त्याच्या आयुष्यात ज्याबद्दल त्याला खात्री होती अशा गोष्टी फार नव्हत्या, पण त्यांत ते पाणी पहिलं होतं.

“पाण्यातून येतं, बाजी,” तो म्हणाला. “शहराच्या.”

“काय?”

“पाणी. मध्ये काही वर्षं खराबच होतं. आम्ही कोणाला बोललो नाही.”

बाजीच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग हळूहळू, ढगामागून सबलान दिसावा तसा, विजय. “मी काय म्हणत होते!” ती उठली. “मी काय म्हणत होते इतकी वर्षं! आणि तू मला आकडे सांगायचास! पाहुण्यांसमोर मला अडाणी ठरवायचास! तूरान, ऐकलंस का गं, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं यानं!”

“ऐकलं,” तूरान आतून म्हणाली. भांडी पुन्हा वाजायला लागली.

“मग तर सगळ्या गल्लीची तपासणी व्हायला हवी! मी जाऊन सांगते. एकेकीला सांगते.” ती बूट चढवायलाही धड थांबली नाही, टाचा बाहेरच ठेवून अंगणात गेली, आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला तिने हाक मारली ती चार घरं ऐकतील अशी. “अगं ए, बाहेर ये! आमच्या ऐनुल्लानं सांगितलं. होय, त्यानंच, इंजिनिअरनं! पाणी, पाणी होतं सगळं!”

तिच्या आवाजात महिनाभरानंतर पहिल्यांदा जीव आला होता. उठून दारात जावं आणि दोन आकडे सांगावेत, असं ऐनुल्लाच्या पायांना वाटलं. त्याने ते रजईखाली घेतले आणि ऐकत बसला.